मोडलेलीं अक्षरें

उच्च गणिताचा अभ्यास करूं लागलेल्या विद्यार्थ्याची केव्हां ना केव्हां तरी एका विचित्र अक्षराशीं गांठ पडते. तोंपर्यंत त्याच्या वहींत इंग्रजी वर्णमालेंतील अक्षरें निमूटपणें संख्यांचें काम करीत असतात. त्यांच्या जोडीस ग्रीक अक्षरें येतात, तींही चारदोन महिन्यांत अंगवळणीं पडतात. मग एके दिवशीं पुस्तकाच्या पानावर असें एक अक्षर उभें राहतें कीं, तें ओळखीचें कीं अनोळखी हेंच समजूं नये. त्याला कोन आहेत, कांटे आहेत, जाड रेघ मध्येंच तुटून तिच्यांतून केसासारखी बारीक रेघ फुटलेली आहे. जुन्या किल्ल्याच्या दरवाजावरील लोखंडी खिळ्यांची आठवण व्हावी असा एकंदर थाट. विद्यार्थी तें फळ्यावरून उतरून घेऊं लागतो, आणि त्याचें भलतेंच कांहीं होतें. आमच्या अध्यापनाच्या काळांत या एका अक्षराचे जे नमुने उत्तरपत्रिकांतून आमच्या पाहण्यांत आले, त्यांत मोदकापासून विंचवापर्यंत सर्व आकृति होत्या. हा आपला नेहमींचा 'जी'च आहे, फक्त त्याचा पोशाख जर्मन आहे, असें सांगितलें म्हणजे वर्गांत हंशा पिकतो आणि गणित पुढें चालू होतें. पण तो पोशाख आला कोठून, आणि ज्यांचा तो होता त्यांनीं तो टाकून दिल्यावर गणितानेंच तो कां जपून ठेविला, हा प्रश्न वर्गांत कोणी विचारीत नाहीं.

या पोशाखाचें नांव फ्राक्टुर. इंग्रज लोक या सबंध कुळास 'काळें अक्षर' म्हणतात, कारण अशा अक्षरांनीं भरलेलें पान दुरून पाहिलें असतां शाईनें माखल्यासारखें दिसतें. कोणी त्यास गॉथिक म्हणतात. परंतु गॉथ लोकांचा या अक्षरांशीं कांहींएक संबंध नव्हता. आल्प्स पर्वतापलीकडचें जें जें तें तें रानटी, अशा समजुतीनें इटलींतील पंडितांनीं दिलेलें तें एक शिवीवजा नांव होय. फ्राक्टुर हा शब्द मात्र साधा आणि खरा आहे. 'मोडलेलें' या अर्थाच्या लॅटिन शब्दापासून तो निघाला. लेखणीनें गोल वळण न घेतां मध्येंच थांबावयाचें, कोन करावयाचा, रेघ मोडावयाची, हें या लेखनाचें मुख्य लक्षण.

एवढें वाचल्यावर मराठी वाचकास घरची एक गोष्ट आठवल्यावांचून राहणार नाहीं. आपल्याही पूर्वजांनीं निदान पांच शतकें ज्या लिपींत राज्यें चालविलीं, कर्जें दिलीं-घेतलीं आणि लेकीसुनांचीं खुशाली विचारली, तिचें नांव मोडी. फारसींत घाईनें लिहिलेल्या वळणास 'शिकस्ता' म्हणजे तुटलेलें असें म्हणतात, आणि मोडी हें नांव त्या शिकस्ताचेंच मराठी रूप असावें, असें आमच्या इतिहाससंशोधकांपैकीं कांहींनीं प्रतिपादिलें आहे. दुसरे कांहीं, बालबोध अक्षर मोडून तयार झालें म्हणून मोडी, एवढ्यावरच समाधान मानतात. कोणतेंही मत घेतलें तरी इराण, जर्मनी आणि महाराष्ट्र या तीन देशांत लोकांनीं आपल्या अक्षरास एकच विशेषण लाविलें, ही गोष्ट उरतेच. यांपैकीं जर्मन अक्षर आणि आपलें अक्षर यांचें राज्य तर एकाच दशकाच्या आगेंमागें गेलें. त्यांतून एक गणिताच्या आश्रयानें जगलें. दुसऱ्याचें काय झालें तें पुढें येईलच.

फ्राक्टुरचा इतिहास थोडक्यांत असा. गुटेनबर्गनें इ. स. १४५५ च्या सुमारास आपलें सुप्रसिद्ध बायबल छापिलें तें काळ्या अक्षरांतच. कारण मठांतील लेखक त्या वेळीं जसें लिहीत तसेंच आपलें छापील पान दिसावें, अशी त्याची इच्छा होती. पुढें पंधरा वर्षांनीं व्हेनिस येथें झांसों याने मोकळे, गोल असे टंक तयार केले आणि इटलीचा मार्ग निराळा झाला. आपण आज ज्यांस रोमी अक्षरें म्हणतों तीं हींच. जर्मनींत सम्राट् पहिला माक्सिमिलियन याच्या हौसेखातर १५१३ सालीं एक प्रार्थनापुस्तक व १५१७ सालीं 'टॉयरडांक' हें काव्य छापलें गेलें, आणि त्या पुस्तकांच्या टंकांतून फ्राक्टुरचें रूप स्थिर झालें. लूथरचें जर्मन बायबल अशाच मोडलेल्या अक्षरांच्या कुळांत छापलें गेल्यामुळें हें अक्षर केवळ छापखान्याचें न राहतां धर्माचें, शाळेचें आणि अखेर राष्ट्राचें झालें. एकाच पानावर जर्मन शब्द फ्राक्टुरमध्यें आणि मध्येंच आलेला लॅटिन शब्द रोमी अक्षरांत, अशी वहिवाट पडली. म्हणजे अक्षरावरून भाषेची जात ओळखावयाची!

हें सर्वांसच रुचत होतें असें नाहीं. भाषाशास्त्रज्ञ याकोब ग्रिम यास हें अक्षर मुळींच आवडत नसे, आणि त्या बंधुद्वयाच्या थोर जर्मन कोशाचा पहिला खंड १८५४ सालीं निघाला तो रोमी अक्षरांत. उलट बिस्मार्क रोमी अक्षरांत छापलेलें जर्मन पुस्तक हातीं धरीत नसे. १९११ सालीं हा वाद जर्मन विधिमंडळापर्यंत गेला व फ्राक्टुर तरलें. आपल्याकडील लिपिसुधारणेचे वाद ज्यांनीं वाचले आहेत त्यांस या भांडणांतील एकूणएक मुद्दे ओळखीचे वाटतील: डोळ्यांस त्रास, परकीयांस अडचण, मुलांस दुहेरी ओझें, आणि दुसऱ्या बाजूनें बापजाद्यांचा वारसा.

आतां गणिताकडे वळूं. एकोणिसाव्या शतकांत गणिताचें केंद्र जसजसें जर्मनीकडे सरकूं लागलें, तसतशी गणितज्ञांस अक्षरांची चणचण भासूं लागली. पूर्वीं अक्षर हें एका संख्येचें नांव असे. आतां संख्यांचे समुदाय, त्या समुदायांचे समुदाय, त्यांच्यांतील क्रिया, अशा एकावर एक चढत गेलेल्या वस्तूंस नांवें देण्याची वेळ आली. संख्येस लहान रोमी अक्षर दिलें, समुदायास मोठें दिलें, ग्रीक अक्षरें कोनांत आणि सहगुणकांत संपलीं. मग या नव्या पाहुण्यांस बसवावयाचें कोठें? जर्मन गणितज्ञाच्या घरांत तर दुसरें एक अख्खें अक्षरकुटुंब तयार होतें. जें त्याच्या वर्तमानपत्रांत होतें, मुलांच्या पुस्तकांत होतें, तेंच त्यानें सूत्रांत आणिलें. डेडेकिंड यानें संख्याशास्त्रांतील आपल्या 'आदर्श' नांवाच्या समुदायांसाठीं फ्राक्टुर अक्षरें योजिलीं. सर्व वास्तव संख्यांचा जो अगणित पसारा, त्याच्या मापास फ्राक्टुर 'सी' हें चिन्ह मिळालें. संमिश्र संख्येचा वास्तव भाग दाखविण्यास फ्राक्टुर 'आर' व काल्पनिक भाग दाखविण्यास फ्राक्टुर 'आय' आला. नॉर्वेच्या सोफुस ली यानें जो विषय उभारला त्यांत समूहास साधा 'जी' व त्या समूहाच्या पोटांतील बीजगणितास फ्राक्टुर 'जी' देण्याची रीत पडली, आणि ती आजतागायत चालू आहे. आमच्या विद्यार्थ्यांचा विंचू तो हाच.

येथें एक गंमत सांगण्यासारखी आहे. हीं अक्षरें छापण्याचीं. हातानें लिहावयाचीं नव्हेत. जर्मन गणितज्ञ फळ्यावर खडूनें तीं काढूं लागला म्हणजे तो त्यांचें हस्तलिखित रूप काढी. त्या हस्तलेखनाचें वळण निराळें, धांवतें. इंग्रज विद्यार्थ्यास तर तें फ्राक्टुरपेक्षांही अगम्य. पुस्तकांत एक रूप आणि फळ्यावर दुसरें, पण दोहोंचा अर्थ एकच. बालबोध छापावयाची व मोडी लिहावयाची ही आपली जुनी वहिवाट ज्यांस ठाऊक आहे त्यांस यांत आश्चर्य वाटूं नये.

इंग्रजांच्या देशांत हीं अक्षरें मॅक्सवेलने नेलीं. त्याचा वीज व चुंबकत्व यांवरील मोठा ग्रंथ १८७३ सालीं प्रसिद्ध झाला, त्यांत दिशायुक्त राशींसाठीं त्यानें मोठीं जर्मन अक्षरें वापरलीं. हेव्हिसाइड या स्पष्टवक्त्या गृहस्थास तीं असह्य झालीं. तीं वाचतां येत नाहींत, लिहितां येत नाहींत, एकासारखें दुसरें दिसतें, अशी त्याची तक्रार होती, आणि त्यानें त्यांच्या जागीं साधीं रोमी अक्षरेंच जाड ठशांत छापण्याचा प्रघात पाडला. पदार्थविज्ञानाच्या पाठ्यपुस्तकांत आज जीं जाड अक्षरें दिसतात त्यांचें मूळ या चिडीत आहे. आमच्या मतें हेव्हिसाइडचें म्हणणें खरें होतें, आणि तरीही शुद्ध गणितांतून फ्राक्टुर गेलें नाहीं हेंही बरें झालें. कारण जाड अक्षर म्हणजे तेंच अक्षर जरा मोठ्यानें उच्चारल्यासारखें. फ्राक्टुर अक्षर म्हणजे त्याच नांवाचा दुसरा मनुष्य.

नांव आणि वस्तु यांचा हा खेळ आपल्या गणितास नवा नव्हता. ब्रह्मगुप्तानें सातव्या शतकांत अव्यक्त राशींस 'वर्ण' म्हटलें. भास्कराचार्यानें इ. स. ११५० मधील आपल्या 'सिद्धान्तशिरोमणि' ग्रंथाच्या बीजगणितांत पहिल्या अव्यक्तास यावत्तावत् म्हटलें, आणि पुढच्यांस कालक, नीलक, पीतक, लोहितक अशीं रंगांचीं नांवें देऊन त्यांचीं आद्याक्षरें या, का, नी, पी, लो हीं चिन्हें म्हणून लिहिलीं. वर्ण म्हणजे रंग आणि वर्ण म्हणजे अक्षर, हे दोन्ही अर्थ एका शब्दांत असलेली भाषा ज्यास मिळाली, त्यास जर्मन पोशाखाची गरज काय होती? पण ती परंपरा आपण पुढें नेली नाहीं. एकोणिसाव्या शतकांत इंग्रजी धर्तीचें बीजगणित मराठींत आलें, तेव्हां अज्ञात राशीस क्ष आणि य हीं अक्षरें मिळालीं, त्रिकोणास अबक असें नांव मिळालें. राँटगेननें १८९५ सालीं जे अज्ञात किरण शोधून काढिले त्यांस मराठींत क्ष-किरण म्हणतात तें या बीजगणिताच्या ऋणामुळेंच. आज मराठी माध्यमाच्या मुलाच्या बीजगणितांतही समीकरणें रोमी अक्षरांत असतात. क्ष बिचारा इस्पितळांत तेवढा उरला.

आतां मोडी. यादव राजांचा प्रधान हेमाद्रि ऊर्फ हेमाडपंत यानें ती प्रचारांत आणिली अशी परंपरा आहे. कोणी ती त्यानें लंकेहून आणिली असेंही सांगतात, पण ती दंतकथा होय. मोडीची युक्ति अशी कीं, आधीं कागदाच्या या टोंकापासून त्या टोंकापर्यंत आडवी ओळ ओढून घ्यावयाची, आणि मग बोरू शक्य तोंवर न उचलतां अक्षरें तिला खालून लावीत जावयाचें. ऱ्हस्वदीर्घाचा भेद पाळावयाचा नाहीं. वाक्य कोठें संपलें हें वाचणारानें अर्थावरून ओळखावयाचें. शिवकालांत चिटणिसी वळण, पेशवाईंत बिवलकरी वळण, अशीं तिचीं घराणीं झालीं, आणि सुंदर मोडी अक्षर ही कारकुनाची अर्धी लायकी ठरली.

येथें तुलनेचा एक कच्चा दुवा दाखविला पाहिजे, नाहीं तर नामसादृश्यावर इमारत बांधल्याचा दोष येईल. फ्राक्टुरचें मोडणें म्हणजे वळणाच्या जागीं कोन करणें. मोडीचें मोडणें म्हणजे कोनाच्या जागीं वळण करणें. एकांत लेखणी थांबते, दुसऱ्यांत ती थांबूं नये म्हणूनच सारा खटाटोप. फ्राक्टुर मुख्यतः छापखान्याचें अक्षर, मोडी दप्तरखान्याचें. मोडीचें खरें भावंडें म्हणजे जर्मनांचें तें धांवतें हस्ताक्षर. पण समाजांत जें स्थान एकास होतें तेंच दुसऱ्यास होतें: ज्यास तें येतें तो आपला, ज्यास येत नाहीं तो परका.

मोडीनें छापखान्यांत शिरण्याचा प्रयत्न केलाच नाहीं असें मात्र नव्हे. श्रीरामपूरच्या केरीनें १८०५ सालीं आपलें मराठी व्याकरण देवनागरी टंकांत छापिलें, पण १८१० सालचा त्याचा मराठी कोश मोडी टंकांत आहे. तो चाळतांना मोडीचें दुर्दैव डोळ्यांपुढें उभें राहतें. न थांबतां धांवणें हा जिचा धर्म, तिचीं अक्षरें सुटीं पाडून शिशाच्या ठोकळ्यांवर बसविलीं म्हणजे चालत्या घोड्याचे पाय बांधून त्यास उभा करण्यासारखें झालें. मुंबईंत पुढें मोल्सवर्थचा कोश १८३१ सालीं निघाला, 'दर्पण' १८३२ सालीं निघालें, गणपत कृष्णाजी व नंतर जावजी दादाजी यांचे छापखाने नांवारूपास आले; या सर्वांत छापील मराठीचें अक्षर बालबोधच झालें. मोडीस शिळाछाप तेवढा मानवला, कारण त्यांत हाताची रेघ जशीच्या तशी उतरते. शाळेंतील मोडी वाचनाचीं पुस्तकें शिळाछापावर निघत तीं याच कारणानें.

अक्षराच्या या उलाढालींचा संपूर्ण इतिहास एका लहानशा टापूंत पाहावयाचा असेल तर बोरिवलीच्या पश्चिमेस खाडी ओलांडून गोराईस जावें. मनोरी, गोराई आणि उत्तन हीं गांवें साष्टीच्या वायव्येस असलेल्या धारावी बेटावर वसलेलीं. सोळाव्या शतकांत हा मुलूख पोर्तुगीजांच्या हातीं गेला. गांवच्या कोळ्याकुणब्यांचीं नांवें आणि धर्म बदलले. भाषा मराठीच राहिली. गोव्यांत १५५६ सालीं छापखाना आला होता, परंतु देशी लिपीचे टंक नव्हते. थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइटाने १६०८ सालीं रोमास आपल्या वरिष्ठांस लिहिलेल्या पत्रांत यामागची अडचण सांगितली आहे: युरोपांत चोवीस अक्षरांवर भागतें, येथील लिपींत स्वरव्यंजनांचे संयोग धरून सहाशें ठसे पाडावे लागतील. सबब त्याचें 'क्रिस्तपुराण' १६१६ सालीं रायतूर येथें छापलें गेलें तें मराठी ओव्यांचें पण रोमी अक्षरांचें. वसई-साष्टीच्या बाजूस फ्रांसिस्कु वाझ द गिमरांइश या फ्रान्सिस्कन साधूनें त्या भागांतील लोकभाषेंत पुराण रचलें, तें १६५९ सालीं लिस्बनला छापलें गेलें. तेंही रोमी अक्षरांतच. उपवासकाळांत तें घरोघर गाइलें जात असे. म्हणजे गोराईच्या खेडुताच्या तोंडीं मराठी ओवी, आणि ती ज्या कागदावर आहे त्यावरचें अक्षर परदेशचें.

१७३७ सालीं मराठ्यांनीं साष्टी घेतली, १७३९ सालीं चिमाजी आप्पानें धारावी व वसई घेतली. ख्रिस्तमंदिरांतील घंटा देवळांत गेल्या. नाशिकची नारोशंकराची घंटा, नाना फडणिसांच्या मेणवलीची घंटा या त्यांतल्याच म्हणून दाखवितात. घंटेबरोबर दप्तरही बदललें. आतां साऱ्याच्या नोंदी, इनामें, तंटे, सर्व मोडींत. १७७४ सालीं इंग्रजांनीं साष्टी जिंकली, तरी गांवकामगाराचा बोरू मोडीच लिहीत राहिला. साहेबास इंग्रजी तरजुमा मिळाला म्हणजे झालें. येथील ख्रिस्ती लोकांनीं पुढें 'ईस्ट इंडियन' हें नांव घेतलें व १८८७ सालीं आपली सभा स्थापिली. पूजापाठ लॅटिन, घरचें बोलणें मराठी, शाळा इंग्रजी आणि जमिनीचा कागद मोडी, अशी ही चौपेडी वेणी. या भागांतील गांवठाणांचे व शेतांचे वाद उभे राहिले म्हणजे त्यांतला अखेरचा पेड उलगडणारा माणूस शोधावा लागतो, आणि तो दिवसेंदिवस दुर्मिळ होत चालला आहे.

तो दुर्मिळ कां झाला याची हकीकत जर्मनीच्या मानानें फार शांत आहे. जर्मनींत ३ जानेवारी १९४१ रोजीं बोरमान याच्या सहीचें एक परिपत्रक निघालें. ज्या नात्झी पक्षानें सत्तेवर येतांच काळ्या अक्षरास खास जर्मन म्हणून डोक्यावर घेतलें होतें, त्यानेंच आतां जाहीर केलें कीं, तीं अक्षरें मुळीं जर्मन नव्हेतच, तीं यहुद्यांचीं होत. यापुढें सर्व छपाई रोमी अक्षरांत व्हावी. या विधानास इतिहासाचा तिळमात्र आधार नव्हता. जिंकलेल्या देशांतील लोकांस जर्मन हुकूम वाचतां येत नव्हते, हें त्यामागचें व्यावहारिक कारण असावें असें इतिहासकार मानतात. आणि ज्या कागदावर हा हुकूम निघाला त्याच्या माथ्यावर पक्षाचें नांव छापलेलें होतें तें फ्राक्टुर अक्षरांत! हुकूमशाहीस विनोदबुद्धि नसते ती अशी.

मोडीस असा कोणी शत्रु भेटला नाहीं. इंग्रजी अमदानींत कारभाराच्या सोयीसाठीं बालबोधीचा आग्रह वाढत गेला, टंकयंत्रें आलीं, आणि १९५० च्या सुमारास मोडी शाळांतून व कचेऱ्यांतून गेली. तिच्यासाठीं सभा भरल्या नाहींत असें नाहीं, पण मुलाचें ओझें कमी झालें म्हणून बहुतेक आईबापांस बरेंच वाटलें असावें. सरदेसायांनीं पेशवे दप्तरांतून निवडून काढलेले पंचेचाळीस खंड १९३० ते १९३४ या काळांत प्रसिद्ध झाले तेव्हां रुमाल सोडून बसणाऱ्या माणसांस मोडी ही शिकावयाची विद्या नव्हती, संवय होती. पुढल्या दोन पिढ्यांत तिची विद्या झाली. जर्मनींतही तेंच झालें. तेथें आजीनें तरुणपणीं आजोबास लिहिलेलीं पत्रें नातवंडांस वाचतां येत नाहींत. हँबुर्ग शहरांत कांहीं वृद्ध मंडळी लोकांचीं अशीं घरगुती पत्रें वाचून रोमी अक्षरांत उतरून देण्याचें काम करीत आलीं आहेत.

यानंतर संगणकाचें युग आलें, आणि जगांतल्या सर्व अक्षरांस एकेक क्रमांक देण्याची 'युनिकोड' नांवाची व्यवस्था निर्माण झाली. तिच्यापुढें पहिलाच प्रश्न तात्त्विक आला: अक्षर म्हणजे काय? आकृति कीं तिच्यामागची वस्तु? व्यवस्थापकांनीं उत्तर दिलें कीं क्रमांक वस्तूस द्यावयाचा, आकृतीस नव्हे. जर्मन बायबल फ्राक्टुरमध्यें छापा कीं रोमींत, शब्द तोच, तेव्हां क्रमांकही तेच. पोशाख छापणारानें आपला पाहावा. हें उत्तर समजण्यास पुन्हां गोराईस जाणें सोयीचें. तेथें २००९ सालीं विश्व विपश्यना पगोडा खुला झाला, यांगून येथील श्वेडगॉन पगोड्याच्या धर्तीवरचा. सत्यनारायण गोयंका यांनीं आपल्या ब्रह्मी गुरूंच्या ऋणाची आठवण म्हणून तो उभारविला. त्यांच्याच परंपरेंतील इगतपुरीच्या संशोधन संस्थेनें पाली त्रिपिटक नागरींत छापिलें व संगणकावर घातलें. यांगूनच्या सहाव्या संगीतींत, १९५४ ते १९५६ या वर्षांत, संशोधिलेला हा पाठ वाचक ब्रह्मी, सिंहली, थाई, नागरी, रोमी, हव्या त्या लिपींत पाहूं शकतो. पालीस स्वतःची लिपि नाहीं. बुद्धवचन कोणत्याही अक्षरांत लिहिलें तरी त्याचा कानाकोपराही बदलत नाहीं.

पण गणितज्ञ म्हणाला, माझें तसें नाहीं. माझ्या पानावर साधा 'जी' व फ्राक्टुर 'जी' शेजारीं उभे असतात आणि ते दोन निराळे पदार्थ आहेत; पोशाख काढून घेतलात तर सूत्र खोटें होईल. हा युक्तिवाद बिनतोड होता. २००१ सालीं युनिकोडच्या ३.१ या आवृत्तींत गणिती अक्षरांची सुमारें हजार घरांची एक वसाहत मंजूर झाली आणि तींत फ्राक्टुरास लहानमोठीं, शिवाय जाड, अशीं घरें मिळालीं. त्यांतही एक मौज राहून गेली. सी, एच, आय, आर आणि झेड या पांच मोठ्या फ्राक्टुर अक्षरांस आधींच दुसऱ्या एका पेठेंत क्रमांक देऊन झालेले होते. सबब नव्या वसाहतींत या पांचांचीं घरें रिकामींच ठेविलीं आहेत. आपल्या वाड्यांत काकांच्या वांट्याच्या खोल्यांना कुलूप असावें तसें. अरबी शाळांतून अजून अरबी अक्षरांनीं गणित लिहितात, म्हणून २०१२ सालीं अरबी गणिती अक्षरांसही अशी वसाहत मिळाली. देवनागरीस नाहीं, कारण कोणी मागितलीच नाहीं. क्ष आणि य यांस आपणच पानावरून उठविलें होतें.

मोडीची मागणी मात्र झाली. तिच्यापुढें प्रश्न उभा राहिला तो फ्राक्टुरचाच: ही निराळी लिपि कीं देवनागरीचा पोशाख? वर्णमाला दोहोंची एकच, भाषा एकच. तरीही ज्यास देवनागरी येते त्यास मोडी वाचतां येत नाहीं, स्वरचिन्हें जोडण्याचे नियम निराळे, जोडाक्षरांची घडण निराळी. निवाडा मोडीच्या बाजूनें झाला, आणि २०१४ सालीं युनिकोडच्या ७.० या आवृत्तींत तिला शहाण्णव घरें मिळालीं. त्यांत एकुणऐंशी अक्षरचिन्हें नांदतात. फ्राक्टुरास स्वतंत्र घर मिळालें तें गणिताचा नोकर म्हणून, जर्मनांचें अक्षर म्हणून नव्हे. मोडीस मिळालें तें स्वतःच्या नांवावर. हा निकाल मोडीस अधिक मानाचा आहे, पण नोकरास रोज काम आहे आणि मालकीण घरीं एकटी आहे.

फ्राक्टुरच्या नव्या घरांचा एक दुरुपयोगही सुरू झाला आहे. भ्रमणध्वनीवर आपलें नांव नटवून लिहिण्यासाठीं तरुण मंडळी हीं गणिती अक्षरें उचलतात. डोळ्यांस तें शोभिवंत दिसतें, पण यंत्रास त्यांत नांव दिसत नाहीं. शोध घेऊं गेल्यास तें सांपडत नाहीं, आणि अंध वाचकासाठीं मजकूर उच्चारून दाखविणारें यंत्र प्रत्येक अक्षरास 'गणिती फ्राक्टुर अमुक' असें पुकारीत बसतें किंवा मुकें राहतें. लग्नपत्रिकेवर काळें अक्षर शोभतें, कारण ती डोळ्यांनींच वाचावयाची असते.

मोडीस नटण्याची वेळ आलेली नाहीं. तिच्याकडे लोक येतात ते गरजेपोटीं. २०२३ च्या सप्टेंबरांत निवृत्त न्यायमूर्ति संदीप शिंदे यांची समिति नेमली गेली आणि कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला, तेव्हां तालुक्यातालुक्यांतून जन्ममृत्यूच्या व महसुलाच्या जुन्या वह्या बाहेर निघाल्या, आणि त्यांतल्या पुष्कळशा मोडींत. एका अक्षरावर एखाद्या मुलाचा महाविद्यालयांतील प्रवेश लटकलेला. आणि तें अक्षर वाचणारा माणूस जिल्ह्यांत बोटांवर मोजण्याइतका. ऱ्हस्वदीर्घ नाहीं, शब्द तोडलेले नाहींत, शाई उडालेली. अशा वेळीं संगणकांतील शहाण्णव घरें फारशीं कामास येत नाहींत, कारण कारकुनाचा हात हा टंक नव्हे. एकाच कारकुनाचें सकाळचें आणि संध्याकाळचें अक्षर सारखें नसतें. राज्याचें पुराभिलेख संचालनालय मोडीचे वर्ग चालवितें व परीक्षा घेतें. पुण्याचें भारत इतिहास संशोधक मंडळ १९१० पासून याच कागदांच्या सोबतीनें आहे. तेथें येणाऱ्यांत आतां केवळ इतिहासाचे अभ्यासक नसतात. आजोबांचें खरेदीखत पिशवींत घालून आलेला माणूसही असतो. त्याला पानिपताची बखर वाचावयाची नसते. चतुःसीमेंत पूर्वेस कोणाचें शेत लिहिलें आहे, एवढें एक नांव त्याला लावावयाचें असतें, आणि त्यासाठीं त्यास आधीं ती आडवी ओळ आणि तिला लटकलेलीं अक्षरें एकमेकांपासून सोडवावीं लागतात.